रिमोटवर चालणारी पहिली बोट: निकोला टेस्लाने ती कशी बनवली आणि ती कुठे अडली?

टेस्ला म्हटलं की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गाडी येते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र बोट येते. मी हौस म्हणून रिमोटवर पळणाऱ्या हलक्या रेसिंग बोटी घरीच बनवतो, अगदी पहिल्या तुकड्यापासून. फोमची शीट कापायची, त्यावर फायबरग्लासचं पातळ कापड आणि इपॉक्सी चढवायचं, मोटर, शाफ्ट आणि पंखा एका रेषेत बसवायचे आणि शेवटी रिसीव्हर रिमोटशी जोडायचा. या सगळ्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्यांच्या मुळाशी एकाच माणसाचं नाव सापडतं. एक म्हणजे ब्रश नसलेली मोटर आणि दुसरी म्हणजे तारेशिवाय पोहोचणारी आज्ञा. तो माणूस म्हणजे निकोला टेस्ला.

रेडिओवर चालणारी पहिली बोट म्हणून जी ओळखली जाते, ती त्यानेच १८९८ साली बनवली. पण स्वतः शोधलेली मोटर त्याला त्या बोटीत बसवता आली नाही! असं का झालं, हे समजलं की टेस्लाचं आयुष्यही समजतं आणि आपल्या हातातली बोटही. चला, सुरुवातीपासून बघूया.

पाती नसलेलं चाक

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान नावाच्या खेड्यात झाला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रियन साम्राज्यात होता, आज तो क्रोएशियात आहे. घर सर्बियन, वडील ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरात लागणारी छोटी-मोठी अवजारं ती स्वतःच घडवायची. काहीतरी नवीन बनवायची खोड आपल्याला आईकडून मिळाली, असं टेस्ला मोठेपणी मानायचा.

१९१९ मध्ये त्याने एका अमेरिकन मासिकात आपल्या आयुष्याबद्दल लेखमाला लिहिली. त्यात लहानपणचं एक पाणचाक आहे. झाडाच्या खोडाची एक गोल चकती, तिला मधोमध भोक, त्यात फांदी घातली आणि ओढ्यात धरली. चकतीला पाती नव्हती, तरी ती फिरली. का? कारण पाणी पृष्ठभागाला थोडं चिकटतं आणि सोबत ओढतं. पुढे त्याने याच तत्त्वावर पाती नसलेलं टर्बाइन बनवलं आणि १९१३ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं.

आता हीच गोष्ट उलट बाजूने बघा. जे पाणी चकतीला ओढून फिरवतं, तेच पाणी बोटीला मागे ओढतं. बोटीचं जितकं अंग पाण्यात भिजलेलं, तितकी ओढ जास्त. म्हणून रेसिंग बोट वेगात आली की पाणी कापत जात नाही, पाण्यावर चढून बसते आणि तिचा मागचा थोडासाच भाग पाण्याला टेकलेला राहतो. बोट जड असेल तर ती वर चढतच नाही, नुसती पाणी ढकलत राहते. हलकी बोट बनवायचा सगळा आटापिटा यासाठीच असतो.

ठिणग्यांचा प्रश्न

१८७५ मध्ये टेस्ला ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात इंजिनिअरिंग शिकायला गेला. तिथे वर्गात ग्राम डायनॅमो नावाचं एक यंत्र दाखवलं गेलं. ते मोटर म्हणून फिरवलं की त्याच्या ब्रशजवळ ठिणग्या उडायच्या.

हे ब्रश म्हणजे काय? साध्या डीसी मोटरमध्ये फिरणाऱ्या भागाला वीज द्यावी लागते. फिरत्या वस्तूला तार सोल्डर करता येत नाही, म्हणून कार्बनचे किंवा तांब्याचे तुकडे तिच्यावर घासत ठेवतात. हेच ब्रश. ते ज्या तुकड्या-तुकड्यांच्या तांब्याच्या कड्यावर घासतात त्याला कम्युटेटर म्हणतात. दर फेरीला विजेची दिशा उलटवायचं काम हीच जोडी करते. स्वस्त खेळण्यातली मोटर उघडलीत तर दोन्ही लगेच दिसतील. घर्षण, झीज, उष्णता आणि ठिणग्या या सगळ्या कटकटी तिथेच जमा असतात.

ब्रशशिवाय मोटर चालू शकेल, असं टेस्लाने वर्गात मांडलं. प्राध्यापक पोशल यांनी ते अशक्य आहे हे सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं. टेस्ला पदवी न घेताच ग्राझमधून बाहेर पडला, पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

उत्तर मिळालं १८८२ मध्ये, बुडापेस्टच्या एका बागेत मित्रासोबत फिरताना. तेव्हा तो तिथल्या टेलिफोन कंपनीत काम करत होता. कल्पना अशी: आतला भाग फिरवण्यासाठी त्याला वीज द्यायचीच कशाला? बाहेरच्या स्थिर कॉइल्सना एकामागोमाग एक वीज द्या. चुंबकीय क्षेत्र स्वतःच गोल फिरू लागेल आणि आतला भाग त्याच्या मागे धावेल. हातात चुंबक घेऊन टेबलाखाली फिरवला की वरची टाचणी त्याच्यामागे फिरते ना, तसंच. त्याने काठीने मातीत आकृती काढून मित्राला समजावलं. पुढच्या वर्षी स्ट्रासबर्गमध्ये अशी छोटी मोटर चालवूनही दाखवली. इटलीत गॅलिलिओ फेरारिस हेही स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोहोचले होते, हे इथे सांगायलाच हवं.

माझ्या बोटीतली ब्रशलेस मोटर हुबेहूब टेस्लाची नाही. त्याच्या मोटरमध्ये आतल्या भागात वीज आपोआप निर्माण व्हायची, माझ्या मोटरमध्ये कायमचे चुंबक बसवलेले आहेत. पण फिरतं चुंबकीय क्षेत्र तेच आहे. मोटरमधून बाहेर येणाऱ्या तीन तारा त्याचीच खूण.

न्यू यॉर्क, नायगारा आणि आग

१८८४ मध्ये टेस्ला न्यू यॉर्कला पोहोचला. काही महिने एडिसनच्या कारखान्यात काम केलं, मग बाहेर पडला. १८८६-८७ च्या सुमारास पोटासाठी खड्डे खणायची मजुरीही केली. त्यानंतर नशीब फिरलं. १८८८ मध्ये त्याला एसी मोटरची पेटंटं मिळाली आणि उद्योजक जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी ती वापरायला घेतली. १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन एसी विजेवर उजळलं. १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोहोचली. आज आपल्या चार्जरच्या प्लगपर्यंत येणारी एसी वीज याच मार्गाने आलेली आहे.

यश येत असतानाच १३ मार्च १८९५ ला त्याच्या प्रयोगशाळेला आग लागली आणि यंत्रं, नोंदी, वर्षांची मेहनत राख झाली. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. त्या नव्या सुरुवातीतूनच बोट आली.

धातूचा कीस आणि अदृश्य आज्ञा

तोपर्यंत हवेतून विजेच्या लहरी पाठवता येतात हे सिद्ध झालं होतं. पण त्या आल्या हे ओळखायचं कसं? फ्रान्समध्ये एदुआर ब्रानली यांनी १८९० मध्ये दाखवलं की नळीत भरलेल्या धातूच्या किसातून एरवी वीज नीट वाहत नाही, पण जवळ विजेची ठिणगी पडली की कण एकमेकांना धरतात आणि वीज वाहू लागते. या नळीला कोहिरर म्हणतात. म्हणजे लहर आली की आपोआप चालू होणारं बटणच ते!

याच काळात, १८९४-९५ च्या सुमारास, कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी सूक्ष्म लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून आणि बारूद पेटवून दाखवली होती. तारेशिवाय लांबची वस्तू चालू करण्याचे जगातले अगदी सुरुवातीचे जाहीर प्रयोग आपल्याकडे झाले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण घंटा वाजवणं वेगळं आणि बोट चालवणं वेगळं. घंटेला एकच आज्ञा पुरते. बोटीला डावीकडे, उजवीकडे, थांब असं बरंच काही सांगावं लागतं. शिवाय कोहिररची एक अडचण होती. एकदा कण चिकटले की ते तसेच राहतात. पुढची आज्ञा घ्यायची तर नळी हलवून कण मोकळे करावे लागतात.

१८९८ ची बोट: आत काय होतं?

टेस्लाने १ जुलै १८९८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि ८ नोव्हेंबरला ते मिळालं. क्रमांक ६,१३,८०९. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विद्युत प्रदर्शनात ही बोट लोकांसमोर आली, असं त्याच्या चरित्रांत नोंदलं आहे.

बोट साधारण चार फूट लांब आणि लोखंडी. आत शिशाच्या बॅटऱ्या, पंखा फिरवायला एक मोटर, सुकाणू वळवायला दुसरी मोटर, कोहिरर आणि वर अँटेनाची काठी. वर दिवेही होते. कोहिररची अडचण त्याने झकास सोडवली: दर संकेतानंतर एक यंत्रणा ती नळीच उलटी करायची. वाळूचं घड्याळ उलटवावं तसं. कण मोकळे, पुढच्या आज्ञेला तयार.

आता माझ्या बोटीशी जोडी लावून बघूया. लोखंडाच्या जागी फोम आणि फायबरग्लास. सुकाणूच्या मोटरच्या जागी सर्वो, ज्याचं वजन नऊ ग्रॅमच्या आसपास. शिशाच्या बॅटरीच्या जागी लायपो, जी तेवढ्याच वजनात साधारण चार-पाच पट ऊर्जा साठवते. कोहिररच्या जागी काही ग्रॅमचा रिसीव्हर. अँटेनाच्या उंच काठीच्या जागी जेमतेम तीन सेंटीमीटर उघडी तार. ती तीनच सेंटीमीटर का? २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर असते आणि तिच्या पाव लांबीची तार ती लहर चांगली पकडते. बोट बनवताना हे टोक पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचं, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. कार्बन फायबरच्या आतही ते लपवायचं नाही.

भाग सगळे बदलले. यादी मात्र तीच राहिली: बॅटरी, मोटर, सुकाणू, आज्ञा घेणारा भाग. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही यादी मला आजही दुकानात जाताना उपयोगी पडते.

एकाच बटणावर सगळी बोट

कोहिरर फक्त एवढंच सांगू शकतो: लहर आली किंवा नाही आली. मग डावं-उजवं कसं कळणार?

तुमच्याकडे एका बटणाची टॉर्च असेल. एकदा दाबलं की मोठा उजेड, परत दाबलं की कमी, परत दाबलं की लुकलुक, मग बंद. बटण एकच, पण टॉर्च लक्षात ठेवते की आपण कितव्या पायरीवर आहोत. टेस्लाने हेच केलं. एक संकेत आला की आतली चकती एक घर पुढे सरकायची. एका घरात सुकाणू एका बाजूला वळायचं, पुढच्या घरात थांबायचं, त्याच्या पुढच्या घरात उलट बाजूला, मग पुन्हा थांब. चालवणाऱ्याने फक्त किती संकेत पाठवायचे हे मोजायचं.

आज ही मोजणी करावी लागत नाही. रिमोटची काडी जितकी हलवली, तितकाच आकडा दर सेकंदाला अनेक वेळा रिसीव्हरकडे जातो आणि सर्वो तेवढाच वळतो. संपर्क तुटला तर मोटर बंद करायची सोयही असते. टेस्लाच्या पद्धतीत संकेत आला नाही तर चकती जिथे आहे तिथेच राहणार.

लोकांना हे जादूसारखं वाटलं. प्रेक्षक बोटीला प्रश्न विचारायचे आणि बोट खुणांनी उत्तर द्यायची. कोणीतरी ६४ चं घनमूळ विचारलं आणि दिवे चार वेळा लुकलुकले, अशी गोष्ट सांगतात. उत्तरं आपणच देत होतो हे टेस्लाने नंतर स्वतः लिहून ठेवलं.

ही आज्ञा माझ्यासाठीच आहे का?

माझ्या मते टेस्लाचं सगळ्यात पुढचं काम इथे आहे. समजा तळ्यात दहा बोटी आहेत. एका रिमोटची लहर दहाही बोटींपर्यंत पोहोचते. मग कोणत्या बोटीने ऐकायचं? शत्रूने मुद्दाम गोंधळ घातला तर काय?

टेस्लाने १९०० मध्ये यावर अर्ज केले आणि १९०३ मध्ये दोन पेटंटं मिळवली. उपाय असा: एक लहर पुरेशी नाही. दोन वेगवेगळ्या वारंवारतेच्या लहरी एकत्र आल्या तरच यंत्राने हलायचं. एकच आली तर गप्प बसायचं. ठरावीक जोडी म्हणजे त्या यंत्राची जणू किल्लीच. पुढे कॉम्प्युटरच्या भाषेत ज्याला अँड गेट म्हणतात, त्याचा विचार इथे दिसतो.

आपण रिसीव्हर रिमोटला बाइंड करतो किंवा इअरबड्स फोनशी पेअर करतो, तेव्हा सुटतो तो हाच प्रश्न. पद्धत वेगळी आहे. ब्लूटूथ एका सेकंदात १६०० वेळा वारंवारता बदलतं आणि कोणत्या क्रमाने उड्या मारायच्या हे फक्त जोडलेल्या दोन उपकरणांना माहीत असतं. पण गर्दीत आपलाच आवाज ओळखायचा, ही गरज टेस्लाने एका बोटीसाठी आधीच ओळखली होती. म्हणूनच आज एका तळ्यात दहा बोटी पळतात आणि कोणी दुसऱ्याची पळवत नाही.

बोट विकली का गेली नाही?

१८९८ हे अमेरिका आणि स्पेन यांच्यातल्या युद्धाचं वर्ष. साहजिकच टेस्लाने पेटंटमध्ये युद्धातल्या वापरावर भर दिला. माणसाशिवाय जाऊन स्फोट करणारी बोट इतकी भयंकर असेल की देश युद्धच टाळतील, अशी त्याची आशा होती. पण त्याच पेटंटमध्ये जीवरक्षक बोटी, टपाल आणि सामानाची ने-आण आणि माणूस पोहोचू शकत नाही अशा जागांचा शोध हेही उपयोग आहेत. ड्रोन आज जी कामं करतात त्यांची यादीच म्हणा ना! भली आणि भयंकर दोन्ही कामं एकाच कागदावर होती, आजही ती एकाच यंत्रात असतात. युद्ध थांबण्याची त्याची आशा मात्र खोटी ठरली.

सरकारला बोट देऊ केली तेव्हा वॉशिंग्टनमधला अधिकारी हसला, असं त्याने लिहिलं आहे. टेस्लाही पुढच्या स्वप्नाकडे वळला. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे त्याने प्रचंड व्होल्टेजचे प्रयोग केले. १९०१ मध्ये बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या दीड लाख डॉलरवर लाँग आयलंडला वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारायला घेतला. संदेश आणि वीज जगभर तारेशिवाय पाठवायची होती. पैसे संपले, मॉर्गन यांनी आणखी दिले नाहीत. १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. बोटीच्या पेटंटची १७ वर्षांची मुदत त्याआधीच, १९१५ मध्ये संपली होती. कमाई काहीच झाली नाही.

शेवटची वर्षं न्यू यॉर्कच्या हॉटेलांत गेली, उधारी थकत राहिली. जखमी कबुतरांची काळजी घेणं हा त्याचा विरंगुळा होता. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यू यॉर्कर हॉटेलच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत, ८६ व्या वर्षी, तो एकटाच गेला. त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनी यांच्या एका पेटंटचे महत्त्वाचे दावे रद्द केले. न्यायालयाने टेस्ला हाच रेडिओचा जनक असा निकाल दिला, हे सोशल मीडियावर फिरणारं वाक्य मात्र चुकीचं आहे. लॉज, टेस्ला आणि स्टोन यांनी आधीच केलेल्या कामामुळे ते दावे टिकले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

मग अडलं कुठे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. टेस्लाची मोटर एसीवर चालते. बोटीत असते बॅटरी आणि बॅटरी देते डीसी. डीसीपासून फिरतं चुंबकीय क्षेत्र बनवायचं तर कॉइल्सना सेकंदाला हजारो वेळा, अचूक क्रमाने चालू-बंद करणारा स्विच हवा. १८९८ मध्ये असा हलका स्विच नव्हता. त्यामुळे ज्या ब्रशवाल्या मोटरला त्याने ग्राझच्या वर्गात नावं ठेवली, तीच बॅटरीवरची मोटर त्याला आपल्या बोटीत बसवावी लागली.

तो स्विच म्हणजे ट्रान्झिस्टर. तो जन्मला डिसेंबर १९४७ मध्ये, टेस्ला गेल्यानंतर पाच वर्षांच्या आत. माझ्या बोटीत काडेपेटीएवढा एक डबा असतो, ज्याला आम्ही ईएससी म्हणतो. बॅटरीच्या दोन तारा आत जातात आणि तीन तारा मोटरकडे निघतात. आत किमान सहा ट्रान्झिस्टर कॉइल्सना आळीपाळीने वीज देतात. ज्या तारेला त्या क्षणी वीज दिलेली नसते, तिच्यावरचं व्होल्टेज बघून मोटर कुठपर्यंत फिरली हेही ईएससी ओळखतो. कम्युटेटरचं काम आता चिप करते, तेही ठिणगीशिवाय.

पोशल यांचंही पूर्ण चुकलं नव्हतं असं मला वाटतं. त्यांच्या टेबलावर जे भाग होते, त्यातून बॅटरीवर चालणारी ब्रशलेस मोटर खरंच होणार नव्हती. टेस्लाला ती होऊ शकते हे दिसलं, पण एक भाग जगात यायचा बाकी होता.

तुम्ही पहिली बोट बनवायला घ्याल, तेव्हा दोन गोष्टी नक्की करा. बॅटरी पुढे-मागे सरकवून बोटीचा तोल मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण तीस टक्क्यांवर आणा, म्हणजे ती पाण्यावर नीट चढेल. आणि मोटर जोडताना तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करून बघा. पंखा उलटा फिरू लागेल, कारण आतलं चुंबकीय क्षेत्रच उलटं फिरायला लागलेलं असेल. बुडापेस्टच्या मातीत काठीने काढलेली आकृती ती हीच.